फेझंटच्या शिकारीला कुठल्या नंबरचे छर्रे घ्यावेत म्हणजे पक्षी अर्धवट जखमी होणार नाही?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत आयोवात नवीन आहात, ऑफिसातल्या एकाने फेझंटच्या (लांब शेपटीचा, कोंबड्याच्या जातीचा रानपक्षी) शिकारीला बोलावलंय, 20 गेजची बंदूक तोच देणार आहे (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तर नळी बारीक), आणि दुकानात काडतुसांच्या डब्यांवर 2, 4, 6, साडेसात असे नंबर आणि लेड (शिसं), स्टील, बिस्मथ (हाही एक धातू) असं सगळं बघून डोकं चक्रावलं, तुम्हाला फक्त एवढंच हवंय की पक्षी पडला तर जागच्या जागी मरावा. प्रश्न चांगला आहे. पण नंबर नंतर बघू, आधी अंतर. 30 यार्डाच्या (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासं कमी) आत बऱ्यापैकी कुठलंही फेझंटचं काडतूस काम करतं आणि 45 च्या पुढे महागातलं महाग काडतूससुद्धा तुमच्या-माझ्यासारख्याच्या हातात नशिबाचा खेळ.

(भारतात वन्यजीव कायद्याखाली हे सगळं बंद आहे, त्यामुळे हे वाचून कुणी गावाकडे तितरांमागे जाऊ नका. हे फक्त इथल्यापुरतं.)

एकट्या छर्ऱ्यात रायफलच्या गोळीसारखा दम नसतो. पक्षी मरतो तो डोकं, मान, मणका, हृदय, फुप्फुसं यातल्या कशापर्यंत तरी छर्रा पोचला तर. म्हणजे दोन गोष्टी लागतात, तेवढ्या जागेत छर्रे पुरेसे दाट पाहिजेत आणि प्रत्येकात पिसं, कातडी, मांस फोडून आत जायची ताकद पाहिजे. गोची अशी की या दोन्ही एकमेकींच्या उलट चालतात. एक औंस (साधारण 28 ग्रॅम) लेडमध्ये साडेसात नंबरचे साधारण 350 छर्रे बसतात, 6 नंबरचे 225, 4 नंबरचे 135. नंबर वाढला की छर्रा बारीक. साडेसात लाव्याला, होल्याला ठीक, पण थंडीतला जाड पिसांचा फेझंट कोंबडा जरा लांब असला की नुसती पिसं उडतात, तो उडत दिसेनासा होतो आणि कुठल्यातरी गवतात जाऊन मरतो, तुम्हाला वाटतं नेम चुकला. म्हणून लेड असेल तर 5 किंवा 6, विषय संपला.

स्टीलचं गणित वेगळं. स्टील लेडपेक्षा बरंच हलकं, घनता 7.8 च्या आसपास, लेडची 11 च्या वर. हलका गोळा हवेत लवकर मंदावतो, 40 यार्डावर जाईपर्यंत वेग निम्म्याच्या आसपास येतो, त्यामुळे डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वेगाला फार भुलू नका. जुना नियम असा की स्टील घेताना दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा, लेडचा 6 तर स्टीलचा 4. फेझंटला मी स्वतः 3 किंवा 2 च घेतो. बिस्मथ दोघांच्या मधलं, चांगलं आहे, खिशाला मात्र जड.

स्टील आलं कुठून तर बदकांमुळे. बदकं तळातले खडे गिळतात अन्न दळायला, त्यात लेडचे छर्रेही गिळतात आणि विषबाधेने मरतात, ती बदकं खाणारे गरुडही मरतात, म्हणून 1991 पासून अख्ख्या अमेरिकेत पाणपक्ष्यांना लेड बंद. फेझंटला खाजगी शेतात लेड चालतं पण आयोवातल्या बऱ्याच सरकारी जागांवर चालत नाही, कुठे जाणार ते त्या माणसाला आधीच विचारा.

आता खरं काम. शिकारीच्या आधी एक दिवस रेंजवर जा, मोठा कागद लावा, 40 यार्डावरून मधोमध एक बार काढा. मग जिथे भोकं सगळ्यात दाट तिथे 30 इंच व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजा. कंटाळवाणं आहे, पण करा. चोक म्हणजे नळीच्या तोंडाचं अरुंदपण, जितकं अरुंद तितके छर्रे कमी पसरतात. ढोबळमानाने सगळ्यात अरुंद म्हणजे फुल चोकमध्ये काडतुसातले 70 टक्के छर्रे त्या वर्तुळात येतात, मॉडिफाइडमध्ये 60, इम्प्रूव्हड सिलिंडरमध्ये 50, पण हे पुस्तकातलं, तुमची नळी आणि तुमचं काडतूस काय करतं ते कागदच सांगणार. मग पुठ्ठ्याचा फेझंट कापा, शेपूट सोडून फक्त धड आणि मान, आणि तो वर्तुळात इकडेतिकडे ठेवून बघा. एखाद्या जागी त्याच्याखाली एकदोनच भोकं येतात, एखाद्या जागी एकही नाही. एकदा ते बघितलं की लांबच्या पक्ष्यावर बार टाकायची हौस आपोआप जाते. तेच 30 यार्डावर करा, फरक लगेच दिसतो.

कोनाचं कुणी फारसं सांगत नाही. फेझंट बहुतेक वेळा तुमच्यापासून लांब जाताना उडतो, म्हणजे समोर त्याची पाठ आणि बूड. छर्ऱ्याला आतडी, गिझर्ड (अन्न दळणारी पोटाची पिशवी) असा सगळा ऐवज पार करून पुढे छातीपर्यंत जायचंय, बारीक छर्रा तिथेच थांबतो. आडवा जाणारा पक्षी मारायला सोपा नाही, पण लागला तर मरतो. घरी सोलताना बघा, छर्ऱ्याबरोबर पिसांचा पुंजका जखमेत ओढला जातो, आणि पलीकडच्या कातडीखाली छर्रा सापडला तर समजायचं ताकद पुरेशी होती. स्टील वापरलं असेल तर रस्सा टाकायच्या आधी मांसावरून लोहचुंबक फिरवा, दातांचे डॉक्टर इथे फार महाग आहेत.

पक्षी पडला म्हणजे मेला असं नाही. नुसता पंख मोडलेला कोंबडा जमिनीवर टेकताच पळत सुटतो आणि गवतात असा दबतो की पायाशी असून दिसत नाही. पडलेल्या जागेवरची नजर काढू नका, सरळ तिथे चालत जा, दुसरा पक्षी उडाला तरी त्याच्या मागे लागू नका. कुत्रा असलेल्या माणसाबरोबर जाताय ना, हे नक्की विचारा, माझ्या मते चांगला कुत्रा हा छर्ऱ्याच्या नंबरापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. जिवंत हातात आला तर लगेच मान मोडायची, ते जमणार नसेल तर आधीच सोबतच्याला सांगून ठेवा.

20 गेज पुरेल का, तर पुरेल, फक्त छर्रे 12 पेक्षा कमी म्हणून 30-35 यार्डाला थांबायचं. नळीवर काडतुसाची लांबी लिहिलेली असते, 3 इंच लिहिलं असेल तर 3 इंची काडतूस घ्या, पावणेतीन लिहिलं असेल तर अजिबात नाही. बंदूक जुनी असेल तर स्टील चालेल का ते मालकाला विचारा, जुन्या फुल चोकच्या नळ्या स्टीलने खराब होतात. आयोवात फक्त नर मारायचे, दिवसाला तीन, आणि 1 जानेवारी 1972 नंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट असल्याशिवाय लायसन्स मिळत नाही, तो कोर्स आत्ताच लावा. आणि सोबतच्याची 12 गेज असेल तर दोघांची काडतुसं एका पिशवीत ठेवू नका. 20 ची पिवळी असतात ती याचसाठी, चुकून 12 च्या नळीत गेलं तर पुढे जाऊन अडकतं आणि मागून 12 चं भरून उडवलं की नळी फुटते.