वाचकांचे प्रश्न: चीनचा उदय आणि हिंदी महासागर

(उगवत्या महासत्ता आणि प्रादेशिक सुरक्षा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.)

एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी ‘चीनचा उदय आणि भारताची सुरक्षा’ हा विषय घेतला आहे. विषय फार मोठा आहे, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. हातात चार महिने आहेत. तो लहान कसा करू?
– विद्यार्थिनी, सांगली

मार्गदर्शकांचे बरोबर आहे. या शीर्षकाखाली लडाखमधल्या गलवानपासून पाकिस्तानातल्या ग्वादर बंदरापर्यंत सगळे येते आणि सिद्ध काहीच होत नाही. एक प्रदेश, एक कालखंड आणि एक क्षमता, एवढेच ठरवा. उदाहरणार्थ, ‘2008 ते 2024 या काळात एडनच्या आखाताजवळ चिनी नौदलाची टिकून राहण्याची क्षमता’. 2008 हे वर्ष घेण्याला कारण आहे. त्या डिसेंबरात चीनने चाचेगिरीविरोधी मोहिमेसाठी तिथे युद्धनौका पाठवल्या आणि मग एकापाठोपाठ एक ताफे जात राहिले. ऑगस्ट 2017 मध्ये याच आखाताजवळच्या जिबुती या पूर्व आफ्रिकेतल्या देशात चीनचा परदेशातला पहिला लष्करी तळ सुरू झाला.

लिहायला बसण्याआधी नकाशावर अंतरे मोजा. जहाज 15 नॉट (ताशी 15 सागरी मैल) वेगाने चालले तर दिवसाला 360 सागरी मैल कापते. मुंबई ते जिबुती सुमारे 1,800 सागरी मैल, म्हणजे पाच दिवस. दक्षिण चीनमधल्या हैनान बेटावरून मलाक्काच्या सामुद्रधुनीमार्गे जिबुती जवळजवळ 5,000 सागरी मैल, म्हणजे तेरा-चौदा दिवस. जाऊन येऊन चार आठवडे नुसत्या प्रवासात जातात. त्यात एक जहाज कामावर ठेवायचे तर साधारण तीन लागतात, कारण एक तिथे असते, एक वाटेवर आणि एक दुरुस्तीत किंवा सरावात. जिबुतीच्या तळाने नेमके हेच गणित बदलले. एवढा हिशेब प्रबंधात नीट मांडलात, तर ‘चीन हिंदी महासागरात शिरकाव करतो आहे’ या वाक्याला पहिल्यांदा वजन येईल.

अंतर मोजताना सरळ रेषेवर विसंबू नका, जहाज भूमीला वळसा घालून जाते. सागरी मैल (1.852 किलोमीटर) आणि साधा मैल यांची गल्लतही नेहमी होते.

सिद्धांताचे प्रकरण पंधरा पानांच्या पुढे नेऊ नका. बॅरी बुझान या अभ्यासकाची प्रादेशिक सुरक्षा संकुलाची (ज्यांची सुरक्षा एकमेकांत गुंतलेली आहे अशा शेजारी देशांच्या गटाची) मांडणी घेतलीत, तर शेवटच्या प्रकरणात ती तपासायलाही हवी. दक्षिण आशियाच्या संकुलात चीन अजून बाहेरची सत्ता आहे की आतली झाली, हा प्रश्न तुमच्या पुराव्यावर लावून पाहा. बहुतेक प्रबंधांत सिद्धांत दुसऱ्या प्रकरणात येतो आणि पुन्हा कुठे दिसत नाही. परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

चीनचा 2024 चा संरक्षणखर्च एका ठिकाणी 231 अब्ज डॉलर, दुसरीकडे 314 अब्ज. भारताचा कधी 86 अब्ज डॉलर, कधी 6.81 लाख कोटी रुपये. खरा आकडा कोणता?
– वाचक, नागपूर

चारही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. 231 अब्ज हा चीनने जाहीर केलेला अर्थसंकल्प. 314 अब्ज हा जगभरच्या लष्करी खर्चाची नोंद ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या ‘सिप्री’ संस्थेचा अंदाज. जाहीर आकड्यात न येणारा सशस्त्र पोलीस दल, तटरक्षक दल, संशोधन, निवृत्त सैनिकांना दिली जाणारी रक्कम असा खर्च सिप्री त्यात धरते. भारताचे 86 अब्ज हेही सिप्रीचेच. त्यात निवृत्तिवेतन आहे, आणि सीमा सुरक्षा दल, भारत-तिबेट सीमा पोलीस यांसारखी गृह मंत्रालयाकडची दलेही आहेत. 6.81 लाख कोटी मात्र 2025-26 ची संरक्षण मंत्रालयाची तरतूद आहे. म्हणजे व्याख्या वेगळी आणि वर्षही वेगळे.

गफलत होते ती इथे. चीनचा जाहीर आकडा घेऊन शेजारी भारताचा सिप्रीचा आकडा ठेवला, की दोन देशांतली दरी खरी असते त्याहून बरीच लहान दिसते. दोन्ही आकडे एकाच तक्त्यातून घ्या.

सिप्रीच्या एक्सेल फाइलमध्ये वेगवेगळी पाने असतात. एका देशाचा खर्च वीस वर्षांत कसा वाढला ते पाहायचे असेल, तर स्थिर किमतींचे (महागाई वगळून मोजलेले) पान. अर्थव्यवस्थेवर भार किती, तर जीडीपीच्या टक्केवारीचे. त्या वर्षापुरती दोन देशांची तुलना, तर चालू डॉलरचे (त्या-त्या वर्षीच्या किमती आणि विनिमय दराने मोजलेले). चालू डॉलरचा वीस वर्षांचा आलेख काढलात तर महागाई आणि विनिमय दर यांचे चढउतार सैन्याच्या नावावर खपतात. तळटिपा वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. चीनच्या आकड्यांपुढे ‘अंदाज’ अशी खूण असते, ती तुमच्या तक्त्यातही उतरली पाहिजे.

भारताच्या रकमेत आणखी खोल जायला हवे. 2025-26 च्या 6,81,210 कोटींपैकी 1,60,795 कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. शस्त्रे, जहाजे, विमाने यांसाठीचा भांडवली खर्च 1,80,000 कोटी, म्हणजे जेमतेम 26 टक्के. लष्करी ताकद वाढते आहे का, हे विचारायचे तर आधी हा आकडा पाहावा लागतो. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च एकाच स्तंभात मिसळू नका. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी छापला जातो. 2025-26 च्या कागदपत्रांत तो 2023-24 चा मिळेल.

क्रयशक्तीनुसार, म्हणजे त्या-त्या देशात पैशांत किती विकत मिळते ते धरून, तुलना करावी का, असेही तुम्ही पुढे विचारले आहे. सैनिकांचे पगार, रेशन, बराकी यांच्यापुरती ती उपयोगी आहे. परदेशी विमान मात्र डॉलरमध्येच विकत घ्यावे लागते. क्रयशक्तीचा एकच गुणक सगळ्या खर्चाला लावला तर भारत आहे त्याहून मोठा दिसतो, आणि अशा तक्त्यावर धोरण बेतणे धोक्याचे आहे.

श्रीलंकेने कर्ज फेडता न आल्याने हंबनटोटा बंदर चीनला दिले, असे सगळीकडे वाचतो. मग याला कर्जाचा सापळा म्हणू नये, असे काही अभ्यासक का म्हणतात?
– निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

कारण पैशांचा प्रवास तसा झालेला नाही. बंदराच्या पहिल्या टप्प्यासाठी चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेने सुमारे 30.7 कोटी डॉलर 6.3 टक्के व्याजाने दिले. बंदर चालले नाही. 2017 मध्ये ते 99 वर्षांच्या कराराने एका चिनी सरकारी कंपनीकडे गेले आणि श्रीलंकेला 112 कोटी डॉलर मिळाले. त्या पैशांतून बंदराचे कर्ज फिटले नाही. ते परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले आणि बंदराचे कर्ज श्रीलंका सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. त्या वेळी श्रीलंकेला घाई होती ती मुख्यतः आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांच्या परतफेडीची.

पण म्हणून चीनचे कर्ज किरकोळ होते, असे म्हणणेही चूक आहे. श्रीलंकेच्या विदेशी कर्जात चीनचा वाटा 10 टक्के, हा आकडा खूप फिरला. सरकारी कंपन्यांना दिलेली कर्जे आणि चिनी विकास बँकेची कर्जे धरली, तर 2021 च्या अखेरीस तो जवळजवळ 20 टक्के भरतो. कोणी काय मोजले, हे इथेही आधी विचारायचे.

सुरक्षेचा प्रश्न कर्जापासून वेगळा काढा. ऑगस्ट 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारे चिनी जहाज भारताच्या आक्षेपानंतरही हंबनटोटाला लागले. पुढे जानेवारी 2024 पासून श्रीलंकेने परदेशी संशोधन जहाजांना वर्षभर बंदी केली. म्हणजे दबाव दोन्ही बाजूंनी चालतो आणि कोलंबोला स्वतःचे निर्णय आहेत. आपल्याकडच्या चर्चेत नेमके हेच निसटते. छोटा देश म्हणजे पटावरचे प्यादे, असे गृहीत धरले जाते.

एखादे बंदर तळ झाले का, हे ठरवायला दारूगोळ्याचा साठा, युद्धनौकांच्या दुरुस्तीची सोय, परदेशी सैनिकांचा दर्जा ठरवणारा करार आणि पहारा कोणाचा, हे पाहा. जिबुतीत चीनचा जाहीर तळ आहे. हंबनटोटाचा करार बंदर चालवण्याचा आहे. उद्या चित्र बदलू शकते, म्हणूनच ही यादी दरवर्षी पुन्हा तपासून पाहावी.

चिनी भाषा येत नसेल तर हा अभ्यास करू नये का?
– वाचक, बेळगाव

जरूर करा. चीनच्या संरक्षणविषयक श्वेतपत्रिका इंग्रजीत आहेत. 2015 ची आणि 2019 ची शेजारी ठेवून वाचा. किनाऱ्यालगतच्या संरक्षणाला खुल्या समुद्रातील हितरक्षणाची जोड 2015 मध्ये स्पष्टपणे दिली गेली. पीएच.डी. करायची असेल तर मात्र भाषेला पर्याय नाही.

पदवीनंतर हा विषय कुठे शिकता येईल? गोव्यातल्या नेव्हल वॉर कॉलेजात प्रवेश मिळतो का?
– विद्यार्थी, म्हापसा

ते कॉलेज लष्करी अधिकाऱ्यांसाठी आहे, पदवीधरांसाठी तिथे प्रवेशपरीक्षा नसते. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि याच विषयात नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही देता येते. दिल्लीत जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास विभागात एम. ए.ला सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेशपरीक्षेतून जावे लागते. प्रवेश होईपर्यंत संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अहवाल वाचायला घ्या. ते संसदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. सुरुवात नौदलाच्या भांडवली मागण्यांवरच्या अहवालापासून करा, कारण किती मागितले आणि किती मिळाले हे त्यात शेजारी-शेजारी छापलेले असते.