दुसऱ्या महायुद्धातल्या ‘बेंगाल’ या छोट्या भारतीय माइनस्वीपरने सुरुंग काढण्यापलीकडे काही केलं का?

तुमच्या प्रश्नातलं ‘पलीकडे’ मला खटकलं. सुरुंग काढणं हेच पुरेसं होतं.

माझे आजोबा रत्नागिरीकडचे, युद्धात मुंबईच्या एका माइनस्वीपरवर खलाशी. एका गणपतीत भरल्या पंगतीत आत्याचे यजमान म्हणाले, “म्हणजे समुद्र झाडायची नोकरी!” आजोबा गप्प बसले, जावयाला उलट बोलायची आमच्यात रीत नव्हती. दुपारी मला न्हाणीत नेऊन त्यांनी घंगाळ भरलं. बूच म्हणजे सुरुंग; त्याला दोरा, दोऱ्याला वजन. बूच वीतभर पाण्याखालीच राहिलं. मग ब्लेड अडकवलेली सुतळी पाण्यातून ओढली. दोरा तुटला आणि बूच टुणकन वर आलं. “आता हा दिसतो, बंदुकीने उडवायचा. पण सुतळी जहाजाच्या मागे असते. म्हणजे जहाज आधीच त्याच्यावरून गेलेलं असतं, बाळा.”

आता ‘बेंगाल’. सिडनीत बांधलेलं, जेमतेम साडेसहाशे टनांचं, एकच बारा पौंडी तोफ. ऑस्ट्रेलियाहून नवंकोरं इकडे येत होतं, सोबत ‘ओन्डिना’ हे डच तेलवाहू जहाज. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’ या दोन जपानी जहाजांनी गाठलं. प्रत्येकी दहा हजार टनांवर, मोठ्या तोफा, टॉर्पेडो, विमानं. कप्तान विल्सनने ‘ओन्डिना’ला निघून जायला सांगितलं आणि स्वतः सरळ शत्रूच्या अंगावर गेला. ‘होकोकु मारू’वर स्फोट झाला, ती बुडाली. दारूगोळा संपत आल्यावरच ‘बेंगाल’ने धुराचा पडदा टाकून माघार घेतली. नंतर ते भारतीय नौदलात राहिलं आणि १९६० मध्ये भंगारात गेलं.

ज्यांना ही झाडायची नोकरी वाटते त्यांनी साडेसहाशे टनांच्या डेकवर उभं राहून त्या दोघी समोरून येताना डोळ्यांपुढे आणाव्यात.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. ‘होकोकु मारू’ला लागलेला गोळा आपलाच, असं ‘ओन्डिना’चे डच खलाशीही म्हणत, आणि त्यांचा दावा हलका नाही. ‘ओन्डिना’चा कप्तान त्या दिवशी मारला गेला, होड्यांत उतरलेल्या खलाशांवर गोळीबार झाला, तरी उरलेले पुन्हा जहाजावर चढले आणि ते ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात परत नेलं. दुसरं, आजोबा ‘बेंगाल’वर नव्हते. आत्याच्या यजमानांना हे सगळं मी सांगितलं तेव्हा आजोबा जाऊन चार वर्षं झाली होती.