हिरवं दिसलं म्हणून हुरळू नकोस

इजा झालेल्या मज्जारज्जूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट (न्यूरॉनना आधार देणाऱ्या पेशी) बदलून न्यूरॉन (चेतापेशी) बनवायचे, हा आपला प्रयोग. मज्जारज्जूच्या छेदात हिरवा चमकणारा न्यूरॉन पहिल्यांदा दिसला की वाटतं, जमलं! थांब जरा. विषाणूतून न्यूरोडी१ (पेशीला न्यूरॉन बनवू पाहणारं जनुक) आणि सोबत हिरवा रंग सोडताना आपण जीएफएपीचा प्रमोटर (जनुक कुठल्या पेशीत चालू व्हावं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) लावतो, म्हणजे फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटसाठी. पण तो गळतो, म्हणजे इतर पेशींतही चालू होतो, आणि आधीपासूनचे न्यूरॉनच हिरवे होतात. २०२१ मध्ये संशोधक चुन-ली झांग यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत नेमकं हेच दाखवलं. बऱ्याच जणांची झोप उडाली (माझीही). म्हणून विषाणू टोचण्याआधीच अ‍ॅस्ट्रोसाइटवर कायमची जनुकीय खूण कर. न्यूरॉन खरंच त्यांच्यातून आला असेल तर ती खूण त्याच्यात सापडायलाच हवी. मधली, अर्धवट बदललेली पेशी कुठेच दिसत नसेल तरी संशय घे. आणि उंदीर चालू लागला हा पुरावा धरू नकोस. मज्जारज्जूची इजा अपुरी असेल तर उंदीर आपसूकही सावरतात.