टेप घ्या, आधी मोजा: इनटेकमधून पाणी शिरलं आणि क्लेम रिजेक्ट झाला

प्रश्न: मॅडम, मी वडगाव बुद्रुकला राहतो. १.२ लिटरची तीन सिलिंडरवाली टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. मार्चमध्ये कंपनीचा एअर बॉक्स (इंजिनला हवा पुरवणारा फिल्टरचा डबा) काढून बाहेरून कोल्ड एअर इनटेक बसवून घेतला, २३ हजार गेले. पाईप खाली बंपरमध्ये फॉग लॅम्पच्या मागे उतरवलाय. पावसात काही होणार नाही ना म्हणून विचारलं होतं तर त्याने व्हॉट्सॲपवर 'बिनधास्त चालवा, टेन्शन नका घेऊ' असं लिहिलं. जुलैमध्ये सिंहगड रोडला पाणी साचलं होतं, अर्ध्या टायरपर्यंत असेल, समोरून पीएमटीची बस गेली, लाट आली आणि गाडी धप्पकन बंद. दोनदा स्टार्टर मारला, नाही झाली, मग टो केली. आतली मॅटसुद्धा कोरडी होती. आता कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकलाय म्हणतात, एस्टिमेट २ लाख ८५ हजार. जानेवारीत रिन्यू केलेली पॉलिसी आहे, इंजिन प्रोटेक्टसकट (इंजिनच्या नुकसानीचं जादा कव्हर), तरी क्लेम नाकारला. लेटरमध्ये दोन कारणं, 'बेकायदेशीर मॉडिफिकेशन' आणि 'पाण्यात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न'. बसवणारा फोन उचलत नाही. मेव्हणा म्हणतो जुना बॉक्स परत लाव आणि दुसरा सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) माग. काय करू?

उत्तर: मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा आणि जुना बॉक्स माळ्यावरच राहू द्या. सर्व्हेअरने बॉनेट उघडून फोटो काढलेत, सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर नोंद आहे, आता तुम्ही पार्ट बदललात तर आज जो नुसता वादाचा मुद्दा आहे तो उद्या फसवणुकीचा होईल आणि मग तुमची बाजू कितीही खरी असली तरी कुणी ऐकून घेणार नाही. उलट तो इनटेक, त्याचा फिल्टर, वाकलेला रॉड, सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. आजच सर्व्हिस सेंटरला ईमेल टाका की केस चालू आहे, काढलेले पार्ट स्क्रॅपला द्यायचे नाहीत. तोंडी सांगून उपयोग नाही, तिथली माणसं सहा महिन्यांत बदलतात.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य म्हणजे 'आतली मॅटसुद्धा कोरडी होती'. तुम्ही ते पाणी फार नव्हतं हे दाखवायला लिहिलंत, पण विमा कंपनीचा वकील नेमकं हेच उचलणार. तो म्हणेल, केबिनमध्ये थेंब नाही म्हणजे पाणी फार तर फूटभर, आणि कंपनीच्या इनटेकचं तोंड असतं वर, रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी बॉनेटच्या कडेखाली, मग तिथपर्यंत पाणी जाईलच कसं? गेलं ते तुम्ही खाली उतरवलेल्या पाईपमधून. आणि खरं सांगू का, यात दम आहे. कोल्ड एअर इनटेकची कल्पनाच अशी की इंजिनच्या गरम खोलीतली हवा नको, बाहेरची थंड हवा पाहिजे, म्हणून फिल्टर बंपरच्या आत खाली नेऊन ठेवायचा. मार्च महिन्यात ठीक आहे हो. पावसाळ्यात मात्र तो रस्त्यापासून वीत-दीड वीत उंचीवर तोंड उघडं टाकून बसलेला असतो आणि कापडी फिल्टर धूळ अडवतो, पाण्यात बुडाल्यावर पाणी अडवत नाही.

पाणी किती लागतं माहितीय? तुमचं इंजिन १२०० सीसीचं, तीन सिलिंडर, म्हणजे एकेक ४०० सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते तो आकडा, १० धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा साधारण ४५ मिली, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे तेवढं पाणी आत गेलं की पिस्टन वर येताना अडतो, मागून क्रँक ढकलतच असतो आणि मधल्यामध्ये रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. एका लाटेत होणारी गोष्ट आहे, त्यामुळे बसची लाट हे कारण मला अजिबात खोटं वाटत नाही.

म्हणून माझ्याकडे किंवा कुठल्याही वकिलाकडे जायच्या आधी टेप घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि तीन उंच्या मोजा, तिन्ही जमिनीपासून. एक, बाहेरून बसवलेल्या फिल्टरची खालची कड. दोन, कंपनीच्या ओरिजिनल इनटेकचं तोंड जिथे असतं ती जागा, शेजारी उभ्या असलेल्या तशाच गाडीवर मोजता येईल. तीन, पाण्याची खूण, म्हणजे बंपरच्या आतल्या बाजूला गाळ कुठपर्यंत चढलाय ते. टेप दिसेल असे फोटो काढा. शक्य असेल तर हे स्वतंत्र लायसन्सधारक सर्व्हेअरकडून किंवा ऑटोमोबाईल इंजिनिअरकडून लेखी करून घ्या. चार-पाच हजार जातील पण केस त्यावर उभी राहील. त्या दिवशीचे कुणाचे व्हिडिओ, सोसायटीच्या ग्रुपवर आलेले फोटो, दुकानांचे सीसीटीव्ही, तेही मागून ठेवा.

कारण सगळं यावरच आहे. गाळ ओरिजिनल तोंडापर्यंत चढलेला निघाला तर आपण ठणकावून म्हणू शकतो की कंपनीचा बॉक्स असता तरी इंजिन गेलंच असतं, बदलाचा आणि नुकसानीचा संबंध नाही. २०२४ च्या जुलैमध्ये एकता नगरीत पाणी भरलं तेव्हा साध्या, काहीही न बदललेल्या गाड्यासुद्धा बुडाल्याच की. पण गाळ फिल्टर आणि ओरिजिनल तोंड यांच्या मधेच थांबलेला असेल, आणि कोरड्या मॅटवरून मला तसंच वाटतंय, तर विमा कंपनीकडून पूर्ण पैसे मिळतील असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता ते 'बेकायदेशीर मॉडिफिकेशन'. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यात फरक पडेल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने, केरळच्या आरटीओच्या केसमध्ये, हे बऱ्यापैकी कडक लावलं. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार दंड किंवा दोन्ही. ऐकायला भीतीदायक आहे, पण त्याच कलम ५२ च्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय ते दिलंय, गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचं मूळ स्वरूपच बदलेल. एअर फिल्टरचा पाईप बदलून आरसीवरचं काय बदललं? इंजिन नंबर तोच, सीसी तीच, इंधन तेच. हा युक्तिवाद चांगला आहे आणि तो करायचाच. शिवाय पॉलिसी जानेवारीची, इनटेक मार्चमधला, त्यामुळे रिन्यूअलच्या फॉर्मवर तुम्ही खोटं सांगितलंत असं त्यांना म्हणता येणार नाही. पुढच्या रिन्यूअलला मात्र हे लिहून द्यावं लागेल, बरं का, तेव्हा ऑनलाइन फॉर्मवर पटापट टिक करत सुटू नका.

आणि समजा बदल अटीविरुद्ध धरला तरी सरळ शून्य देता येतं असं नाही. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा नितीन खंडेलवाल निकाल आहे, गाडी टॅक्सी म्हणून चालवली जात होती आणि चोरीला गेली, कोर्ट म्हणालं चोरीचा त्या अटीशी काय संबंध, आणि नॉन-स्टँडर्ड बेसिसवर, म्हणजे अट मोडली तरी क्लेमचा काही भाग द्यायचा या हिशेबाने, ७५ टक्के द्यायला लावले. २०१० च्या अमलेंदू साहू केसमध्येही तेच तत्त्व. तुमच्या केसमध्ये बदलाचा संबंध लागू शकतो म्हणून या निकालांचा आधार जरा सैल पडेल, तरी तडजोडीला बसताना ७५ टक्के हा आकडा तोंडात ठेवा.

दुसरं कारण, दोनदा स्टार्टर मारला हे. इथे मला विमा कंपनी कच्ची वाटते. पॉलिसीची अट क्रमांक ४ काढा आणि नीट वाचा, तिथे म्हटलंय की बिघाडानंतर दुरुस्ती न करता गाडी 'चालवली' आणि त्यामुळे नुकसान वाढलं तर ते वाढलेलं नुकसान मालकाचं. तुम्ही गाडी चालवली नाहीत. शिवाय रॉड बहुतेक वेळा चालत्या इंजिनमध्येच वाकतो, जेव्हा आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, हजार-दोन हजार असतात. स्टार्टर त्या मानाने फारच हळू फिरवतो, पाणी असेल तर बहुतेकदा तो नुसता अडकतो. त्यामुळे सर्व्हिस सेंटरकडून स्कॅन रिपोर्ट मागा, फॉल्ट कोडसोबत त्या क्षणाचा आरपीएम साठवलेला असतो. तो चालत्या इंजिनचा निघाला तर नुकसान आधीच झालं होतं असं आपल्याला म्हणता येतं. आणि अपवाद लागू होतो हे सिद्ध करायचं ओझं विमा कंपनीवर असतं, तुमच्यावर नाही. सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रत लेखी मागून घ्या, तो रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हे सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच प्रदीप कुमार केसमध्ये सांगितलंय. रिजेक्शन लेटरही जपून ठेवा कारण त्यात नसलेली नवी कारणं कंपनीला नंतर काढता येत नाहीत, सौराष्ट्र केमिकल्स, २०१९. इंजिन प्रोटेक्टच्या कागदावर बारीक अक्षरात काही अटी असतील, कळवायची मुदत, गाडी टो करायची मुदत वगैरे, त्यातली एकही त्यांनी लेटरमध्ये घेतलेली नाही, हे आपल्या पथ्यावर पडलंय.

आता तो फोन न उचलणारा. मला विचाराल तर खरी केस त्याच्यावर आहे. पुण्यात मार्चमध्ये बंपरमध्ये फिल्टर उतरवून देणाऱ्याला जून येणार हे माहीत नव्हतं का? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८५ प्रमाणे नुकसान टाळण्यासाठी पुरेशी सूचना न देणं हीसुद्धा सेवा देणाऱ्याची जबाबदारी होते, आणि याने तर सूचना सोडाच, उलट 'बिनधास्त चालवा' लिहून दिलंय. तो म्हणेल माझा इनटेक तर चांगला आहे, इंजिन गेलं. बरोबर, या कायद्यात नुकसान म्हणजे विकलेल्या वस्तूचं नाही, त्या वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचं झालेलं नुकसान, आणि तुमचं इंजिन हीच ती दुसरी मालमत्ता. तो चॅट डिलीट होऊ देऊ नका, फोन एक्स्चेंजला देऊ नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट आपण जोडू. बिल कच्चं असेल, नुसत्या कागदावर 'फिटिंगसह' लिहिलेलं, तरी चालेल. यूपीआयची नोंद असेल तर उत्तमच.

यातली गंमत बघा. विमा कंपनी म्हणते इनटेकमुळेच इंजिन गेलं. म्हणजे तिचं रिजेक्शन लेटर हा बसवणाऱ्याविरुद्धचा तुमचा सगळ्यात भारी कागद आहे. म्हणून मी विमा लोकपालाकडे आधी पाठवत नाहीये. लोकपालाचं ऑफिस पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, पण तिथे फक्त विमा कंपनीविरुद्धच दाद मागता येते, बसवणाऱ्याला तिथे ओढता येत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात दोघांनाही सामनेवाले करा, एकाच तक्रारीत, म्हणजे ते एकमेकांकडे बोट दाखवतील ते आयोगासमोर दाखवतील. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, त्याची प्रत आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, बीमा भरोसा पोर्टलवर, आणि बसवणाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस, पंधरा दिवसांची. लिफाफा 'घेण्यास नकार' म्हणून परत आला तरी तो फाडू नका, तसाच बंद ठेवा. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आयोगाची फी भरलेल्या मोबदल्यावर असते आणि ५ लाखांपर्यंत ती शून्य, तुमचा प्रीमियम आणि ते २३ हजार मिळूनही कुठल्या कुठे राहतात.

एकच काळजी. तक्रारीत 'इनटेकचा काहीच दोष नाही' आणि 'इनटेकमुळेच सगळं झालं' ही दोन्ही वाक्यं एका दमात लिहू नका, नेटवरचे मसुदे डकवताना लोक हीच चूक करतात. मुख्य मागणी कोणावर आणि पर्यायी कोणावर हे त्या टेपच्या आकड्यांवर ठरवायचं. रॉडची दुरुस्ती तोवर थांबवू नका असं सर्व्हिस सेंटर म्हणेल, पार्किंगचे पैसेही लावेल. फोटो, मोजमाप आणि स्कॅन रिपोर्ट हातात आला की खुशाल काम सुरू करा, बिल तुमच्या नावाने पक्कं जीएसटीसकट घ्या आणि जुना रॉड पिशवीत घालून घरी आणा.