जुन्या घरातला नळ खोलण्याआधी

नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या घरातला नळ गळतोय आणि तो स्वतःच दुरुस्त करायचाय? जुनं घर म्हणजे पाइप बहुधा जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), आतून गंजलेले. घाबरू नका, गळक्या नळाचा वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, बदलणं तुम्हाला नक्की जमेल. पण पान्याला हात लावण्याआधी टाकीचा कॉक बंद करून पाहा. जुन्या घरात तो हमखास जाम झालेला असतो, नाहीतर नुसता गरगर फिरतो आणि पाणी चालूच. तसं असेल तर आधी तो बदला, आणि ते काम खुशाल प्लंबरला द्या.

नवखे लोक करतात ती मोठी चूक म्हणजे वायसरसाठी अख्खा नळच भिंतीतून काढायला जाणं. जोर लावला की आतल्या गंजक्या एल्बोचे (पाइपाच्या वळणावरच्या जोडाचे) आटे जातात, मग भिंत फोडणं आलंच. फक्त नळाचा वरचा भाग खोला. त्यासाठी पाने दोन लागतात: एकाने नळ घट्ट धरायचा, दुसऱ्याने वरचा नट फिरवायचा.

- जुना वायसर दुकानात सोबत न्या.
- टेफलॉन टेप (गळती रोखणारी पातळ पांढरी पट्टी) आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते.
- प्लास्टिकचा नळ हातानेच आवळा.

आणि काम सकाळी काढा. रात्री काही तुटलं तर दुकान उघडं नसतं. गीझरच्या जोडण्यांना सध्या हात नको.