जुन्या गाडीचे शॉक अब्सॉर्बर घरी बदलता येतात का?

प्रश्न : माझी गाडी बरीच जुनी आहे. गतिरोधकावरून गेल्यावर तिचा मागचा भाग दोन-तीन वेळा वरखाली होत राहतो आणि मागच्या उजव्या शॉक अब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ दिसतो. इंजिन ऑइल आणि ब्रेक पॅड बदलण्याची कामे मी स्वतः करतो. हे कामही घरी जमेल का? गॅरेजमध्ये चारही शॉक बदलायला सांगतात, ते आवश्यक आहे का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो शॉक निकामी झाल्याचे दिसते. नळीच्या वरच्या टोकाला तेलाचा पुसट, धूळ धरलेला थर असणे स्वाभाविक आहे, कारण आतबाहेर होणारा दांडा सीलमधून (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यातून) थोडे तेल घेऊनच बाहेर येतो. ओघळ खालपर्यंत पोहोचला असेल, तर मात्र सील गेलेले असते. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. शॉकचे काम स्प्रिंगचे हेलकावे शमवण्याचे असते. आतला पिस्टन तेलातून सरकताना तेल बारीक झडपांमधून रेटले जाते आणि हालचालीतील ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तेल गळून गेले की हा विरोध कमी होतो, चाक रस्त्याला नीट चिकटून राहत नाही आणि खडबडीत रस्त्यावर ब्रेक लावल्यास गाडी थांबायला अधिक अंतर लागते. वजन स्प्रिंगवर असल्यामुळे, गाडी मागून एका बाजूला कललेली असेल, तर तो दोष नव्या शॉकने जाणार नाही. त्यासाठी स्प्रिंग तपासावी लागेल.

चारही शॉक एकदम बदलण्याची सक्ती नाही, मात्र मागचे दोन्ही एकत्रच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉक ठेवल्यास वळणावर व ब्रेक लावताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या वागतात. पुढच्या शॉकवर गळती नसेल, ब्रेक लावल्यावर गाडीचे नाक फार खाली जात नसेल आणि पुढचे टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखे झिजले नसतील, तर ते तूर्त राहू द्यावेत.

घरी जमेल की नाही, हे आपल्या कौशल्यापेक्षा गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. अनेक गाड्यांत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा असतो. तसे असेल तर काम खुशाल हाती घ्यावे. स्प्रिंग शॉकभोवतीच बसवलेली असेल, म्हणजे स्ट्रट असेल, जसा तो बहुतेक गाड्यांत पुढे असतो, तर दाबलेली स्प्रिंग वरच्या एकाच नटाने अडवून धरलेली असते. स्प्रिंग आवळून न धरता तो नट सोडला, तर ती जीव घेण्याइतक्या जोराने उसळू शकते. स्प्रिंग दाबून धरणारे, दोन हुकांचे सुटे स्प्रिंग कंप्रेसर मिळतात, परंतु पहिल्याच प्रयत्नात ते वापरावेत असे मी सुचवणार नाही. स्प्रिंग अडवणारा तो नट न सोडता संपूर्ण स्ट्रट उतरवून गॅरेजमध्ये न्यावा आणि तेथील यंत्रावर फक्त शॉक बदलून घ्यावा. स्ट्रट पुन्हा बसवल्यानंतर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

आता वेगळ्या शॉकविषयी. आदल्या संध्याकाळी नट-बोल्टचे उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, कारण मागची चाके उचलल्यावर त्यांच्यावरचा हँडब्रेक गाडीला रोखू शकत नाही. बॉडी नेमून दिलेल्या जागी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. त्यानंतरची पायरी पुष्कळजण वगळतात : जॅक ॲक्सलखाली, काढायच्या शॉकच्या जवळ लावून भार किंचित उचलावा. अनेक गाड्यांत ॲक्सलला फार खाली जाण्यापासून शॉकच अडवत असतो. आधार न देता बोल्ट काढला, तर ॲक्सल खाली कोसळतो, ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. म्हणूनच एका वेळी एकच बाजू सोडावी.

वरचा नट बहुधा डिकीतील आतल्या आवरणामागे सापडतो. तो फिरवताना दांडाही बरोबर फिरू लागतो. अशा वेळी दांड्याच्या टोकावरील खाचेत दुसरा पाना घालून तो धरावा. दांड्याचा चकचकीत भाग पक्कडीने कधीच धरू नये, कारण त्यावरचा एक ओरखडाही नव्या शॉकचे सील काही दिवसांत फाडू शकतो. अडकलेल्या बोल्टला आंच देण्याचा मोह टाळावा. शॉकमध्ये तेल असते, अनेकांत दाबाखालचा नायट्रोजनही असतो, त्यामुळे जुना शॉक तापवू नये व त्याला भोकही पाडू नये. वॉशर आणि रबरी बुश (जोडातील रबराची कडी) कोणत्या क्रमाने निघाले, याचे छायाचित्र काढून ठेवल्यास पुढे घोळ होत नाही.

नवा शॉक आडवा ठेवलेला असल्यास त्याच्या आत हवा चुकीच्या जागी गेलेली असू शकते. बसवण्यापूर्वी तो उभा धरून, पूर्ण दाबून व पूर्ण ओढून, विरोध सर्वत्र सारखा जाणवेपर्यंत ही क्रिया करावी. नट मात्र नवेच वापरावेत आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत.

प्रश्न : मी मागचे शॉक नुकतेच स्वतः बदलले. आता खड्ड्यात गेल्यावर मागून ठकठक असा आवाज येतो. नवे शॉकच सदोष असतील का?

उत्तर : तशी शक्यता कमी आहे. प्रथम वरचा नट पाहावा. बुशच्या वर आणि खाली येणारे वॉशर उलटसुलट बसले असतील, तर नट घट्ट वाटूनही रबर आवळले जात नाही आणि नेमका असाच आवाज येतो. त्यानंतर स्प्रिंगची टोके आपापल्या खोबणीत बसली आहेत ना, ते तपासावे. खालचा बोल्ट चाक हवेत लोंबत असताना पूर्ण आवळला असेल, तर तो सैल करून, गाडीचा भार चाकांवर आल्यावर पुन्हा आवळावा. बुशमधील रबर आवळलेल्या स्थितीत पक्के होते आणि पुढची प्रत्येक हालचाल त्याला पीळ देते. लोंबत्या स्थितीत आवळलेले बुश त्यामुळे कायम पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते.

प्रश्न : गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडल्यावर ती एकदाच वर येऊन स्थिर झाली, तर शॉक चांगला आहे असे समजावे का?

उत्तर : नाही. या चाचणीत फक्त पूर्णपणे गेलेला शॉक उघडा पडतो. हाताने दाबल्यावर होणारी हालचाल संथ असते, तर शॉकची खरी परीक्षा वेगवान धक्क्यांत होते. गळती, टायरची झीज आणि ओळखीच्या रस्त्यावर गाडीच्या वागण्यात झालेला बदल यांवर अधिक भिस्त ठेवावी.