वाचकांचे प्रश्न : टँकरच्या रांगेतले तास कोणाच्या खात्यावर?

प्रश्न : माझे यजमान कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडून पेट्रोल-डिझेल भरून दाहोद आणि छोटा उदेपूरकडच्या पंपांवर पोहोचवणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर आहेत. टँकर एका वाहतूक ठेकेदाराचा आहे. महिन्याचा पगार ठरलेला नाही. फेरीमागे पैसे आणि वर खुराकी मिळते. भरणीच्या रांगेत कधी अर्धा दिवस, कधी अख्खी रात्र जाते, त्याचे मात्र काहीही मिळत नाही. ‘गाडी उभी म्हणजे काम बंद’ असे मालक म्हणतात. हे खरे आहे काय? प्रॉव्हिडंट फंडाचेही कोणी नाव काढत नाही. — एक वाचक भगिनी, वाडी, वडोदरा

उत्तर : मालकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि ज्या अर्ध्या भागावर ते बोट ठेवत नाहीत तोच तुमच्या यजमानांच्या उपयोगाचा आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालचा स्वतंत्र कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, तेव्हा त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. दोन्हींमध्ये दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट दराने मोबदला आहे, आणि ‘कामाचे तास’ कशाला म्हणायचे तेही जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले आहे. गाडी चालू असतानाचा वेळ त्यात येतो. गाडीशी आणि तिच्यातील मालाशी संबंधित पूरक काम, म्हणजे भरणे, खाली करणे, कागदपत्रांवर सह्या करणे, गाडीची देखभाल, हेही त्यात येते. अडचण पुढच्या कलमात आहे. टर्मिनलवर, म्हणजे गाडी भरण्या-थांबण्याच्या ठिकाणी, नुसते हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात धरायचा, असे कायदा म्हणतो, आणि ठेकेदार नेमका याच वाक्याचा आधार घेऊन रांगेतले तास सोडून देतात.

माझ्या मते हा आधार टँकरच्या बाबतीत टिकू नये. पंधरा मिनिटांच्या अटीमागे असे गृहीत आहे की त्यानंतर माणूस मोकळा असतो, चहा प्यायला किंवा झोपायला जाऊ शकतो. टँकरच्या रांगेत तसे होत नाही. पुढची गाडी सरकली की आपली सरकवावी लागते, नाहीतर नंबर जातो. पेट्रोल वाहणारी गाडी बेवारस सोडून जाता येत नाही. आत गेल्यावर मोबाइल बंद, सिगारेट-काडेपेटी बाहेर, आणि भरणीच्या शेडमध्ये नंबर लागेपर्यंत जागेवरच थांबायचे. ज्या वेळात माणूस स्वतःच्या मर्जीने कुठे जाऊ शकत नाही, तो वेळ ‘नुसती हजेरी’ कसा ठरतो, हा प्रश्न कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर लेखी मांडण्यासारखा आहे. मांडायचा असेल तर हाताशी पुरावा हवा. गेटवर आत शिरल्याची वेळ आणि भरून बाहेर पडल्याची वेळ टर्मिनलच्या नोंदीत असते, आणि गाडीवर जीपीएस असल्यामुळे ती कुठे किती वेळ उभी होती हेही मालकांकडे असते. तुमच्या यजमानांनी आपल्या वहीत तारीख, गाडी क्रमांक, गेटची वेळ आणि पंपावर खाली झाल्याची वेळ एवढ्या चार गोष्टी रोज लिहाव्यात. पावत्यांचे फोटो काढून ठेवावेत, पण टर्मिनलच्या बाहेर आल्यावर.

फेरीवर पैसे देणे बेकायदा नाही. मात्र फेऱ्या कमी लागल्या म्हणून महिन्याची कमाई त्या कामाच्या किमान वेतनाखाली जाऊ देता येत नाही, असे २०१९ ची वेतन संहिता सांगते, आणि ही संहिता किती माणसे कामावर आहेत हे पाहत नाही. तासांविषयीच्या संहितेला मोटार वाहतुकीच्या आस्थापनेत किमान दहा कामगार लागतात. जुन्या कायद्यात ही संख्या पाच होती, म्हणजे लहान ठेकेदार नव्या व्यवस्थेत अधिक सुटले, आणि हे मला मुळीच पटलेले नाही. प्रॉव्हिडंट फंडासाठी वीस माणसांची अट आहे. काही ठिकाणी पाच गाड्या पत्नीच्या नावावर, पाच भावाच्या नावावर दाखवून ही संख्या कागदावर कमी ठेवली जाते. एकच कार्यालय, एकच हिशेबनीस आणि एकाच खात्यातून पगार असेल, तर त्या वेगवेगळ्या पाट्या एकच आस्थापना ठरू शकतात. ठेकेदाराने लेखी नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. आधी तेच मागावे. वेतन थकले किंवा कमी दिले तर दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

प्रश्न : मी स्वतः टँकर चालवतो. पंपावर माप घेतले की कधी पन्नास-साठ लिटर पेट्रोल कमी भरते आणि मालक ते पैसे माझ्या हिशेबातून कापतात. सील शाबूत असते. दाद कुठे मागावी? — एक वाचक, छाणी

उत्तर : पेट्रोल तापले की फुगते आणि थंड झाले की आकसते, एका अंशामागे साधारण ०.१२ टक्का. १२,००० लिटर पेट्रोल उन्हाच्या वेळी भरून निघाले आणि पहाटे पंपावर पोहोचेपर्यंत पाच अंशांनी थंड झाले, तर सुमारे ७२ लिटरचा फरक एक थेंबही न सांडता पडतो. डिझेलमध्ये हा फरक याहून कमी असतो. म्हणूनच पावतीवर १५ अंश तापमानाची घनता छापलेली असते. पंपावर मोजलेली घनता त्याच तापमानाला आणून तिच्याशी ताडायची असते आणि घनमीटरला तीन किलोपर्यंतचा फरक चालतो. घनता जुळते, सील आणि कुलूप जागेवर आहे, तरीही डिपच्या काठीवर, म्हणजे टाकीतली पातळी मोजायच्या काठीवर, पातळी खाली दिसते, तर पहिला संशय तापमानाचा घ्यायला हवा, ड्रायव्हरचा नव्हे. गाडी उतारावर उभी असेल किंवा नुकतीच थांबली असेल तरी माप चुकते. समपातळीवर थोडा वेळ उभी ठेवूनच काठी घालावी.

कायद्याचे म्हणाल, तर तुमच्या ताब्यात सोपवलेल्या मालाचे नुकसान थेट तुमच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल तरच पगारातून कपात करता येते, तीही तुम्हाला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यानंतर, आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. ‘शॉर्टेज’ म्हणून सरसकट वजावट करण्याला या तरतुदीत जागा नाही. इथून पुढे कुलूप उघडण्याआधी चलनाच्या तुमच्या प्रतीवर सीलचे क्रमांक, प्रत्येक कप्प्याचा डिप, मालाचे तापमान आणि वेळ लिहून पंपाच्या माणसाची सही घ्या. तो कुरकुर करील; घाई झाल्याचे सांगेल; तरी सही घेतल्याशिवाय पाइप जोडू नका. तीन-चार फेऱ्यांचे असे कागद जमले की मालकांना लेखी पत्र द्या, आणि त्यांनी दाद दिली नाही तर कामगार खात्याकडे वेतनाचा दावा दाखल करा.

प्रश्न : मुलाला या लाइनमध्ये जायचे आहे. वय बावीस. काय लागते? अपघात करून पळणाऱ्या चालकाला कडक शिक्षेचा जो कायदा येणार होता, तो जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर लागू झाला का? — एक पालक, दांडिया बाजार

उत्तर : वाहतुकीच्या वाहनाचा परवाना वीस वर्षांनंतर मिळतो, पण त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर असावा लागतो. धोकादायक माल वाहायचा तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचे प्रशिक्षण, घटनेतील एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणे, आणि परवान्यावर तशी नोंद लागते. ती तीन वर्षे चालते आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. इंग्रजीची अट निरर्थक नाही, कारण टँकरच्या पाटीवर पेट्रोलसाठी १२०३ आणि ३वायई असे संकेत असतात आणि अपघातात अग्निशमन दल आधी तेच विचारते.

संप ज्यासाठी झाला ते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२), म्हणजे निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू घडवल्यावर न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंतची शिक्षा, १ जुलै २०२४ रोजी बाकी संहिता लागू होताना बाजूला ठेवण्यात आले. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याबद्दलचे कलम १०६(१) मात्र लागू आहे.

मुलगा कामाला जाण्याआधी गाडी बघायला जाईल तेव्हा आरसी बुकातील निर्मितीचा महिना पाहावा. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे, जुन्या गाड्यांना नाही, आणि वडोदऱ्याच्या मे महिन्यात हा फरक पहिल्याच फेरीत कळतो.